आपण दिलेल्या गिटारीबद्दल व्याहीबुवांस

सिंदी मेघे, वर्धा
गुरुवार, दुपार

आदरणीय व्याहीबुवा अण्णाजी यांस, विहीण गुलाबचा सविनय जयभीम.

आपला गुडघा कसा आहे? तुमची सरिता सांगत होती का आता काठी लागते. काठी लागली तं लागली, पण ज्या पायाले दुखते त्याच्या उलट्या हातात धरजा. (आमच्या घरचे शेवटपर्यंत चुकीच्या हातात धरत राह्यले, कारण उलट्या हाताचं मी सांगितलं होतं.) नंदिनीबाईले माह्या जयभीम सांगजा आणि त्याईचं बीपी आता खाली आलं का ते कळवजा. माह्यी साखर आहे तितकीच आहे. डॉक्टर म्हणते कमी करा, मी म्हणते हो, दोघाईचं समाधान होते. यंदा संत्र्याचा मृगाचा बहार चांगला आला असं ऐकलं. चांगलं झालं. झाडाईले फळं येऊ द्या, त्याईचा आवाज होत नाई.

आता तुम्ही म्हणसान का घरात चार फोन असताना ह्या बाईनं चिठ्ठी काऊन लिहिली. तं फोन सरिताच्या हातात असते, ती तो स्पीकरवर लावते, आणि मले कमी ऐकू येते म्हणून मी मोठ्यानं बोलते. मी तुमच्या तळेगावले फोन केला का आमच्या लेआउटमधल्या आठही घराईले तळेगावची बातमी भेटते. म्हणून अश्वजितच्या जुन्या वहीचे पानं फाडले (मागच्या बाजूले गणित आहे, तिकडं पाहू नका, तुम्ही हेडमास्तर होते, तुमच्या जिवाले लागन) आणि चौथी पास बाईले जमन तसं लिहून राह्यली. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या. चिठ्ठी हेमराज आणून देईन. तोच, आमच्या शेजारच्या बाबारावचा पोरगा, ज्याची मालाची गाडी आहे. शनिवारी तो तुमच्याकडं संत्रा भरायले येऊन राह्यला. त्याले आधी पाणी द्या, गाडीजवळ पाठवा, मंग वाचा. तो पत्र हातात देऊन समोर उभा राह्यते आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडं पाह्यते.

तं व्याहीबुवा, तुमच्यावर माह्यी एक तक्रार आहे आणि ती मी तीन वर्षं पोटात ठेवली. तुमचा नातू अश्वजित बारावी पास झाला. एकसष्ट टक्के. आमच्याकडं पास झालेल्या पोराले घड्याळ देतात. लयच लाड असन तं सायकल. तुम्ही गिटार दिली. ज्या माणसानं चाळीस वर्षं गावच्या पोट्ट्याईले पाढे शिकवले, त्यानं असं काऊन करावं हे मले आजपर्यंत कळलं नाई. नंदिनीबाई एकदा बोलल्या का तुम्हाले स्वतःलेच लहानपणी पाहिजे होती. मंग स्वतः घ्यायची होती, अण्णाजी. तुमच्या बागेत बसून वाजवायची होती. आमच्या इथं दोन खोल्या, एक सैपाकघर आणि मागं टिनाची एक खोली, त्यात तुम्ही ती गिटार पाठवून दिली आणि वरतून म्हणता का पोराच्या अंगात कला आहे. कला असन, पण ती राह्यते कुठं? माह्या खाटेच्या शेजारी.

पहिले सहा महिने त्यानं एकच तार वाजवली. प्रफुल्ल ऑफिसातून आला का चप्पल बाहेर काढे आणि तिथंच उभा राहून विचारे, चालू आहे का? चालू असन तं पानठेल्यावर जाऊन बसे. (माह्या पोरानं आयुष्यात कधी पान खाल्लं नाई. तिथं तो उभा राहून पेपर वाचे.) सरिता शाळेतून येये तं म्हणे, आई, होईन हळूहळू. तुमची पोरगी आहे, सगळंच तिले हळूहळू होईन वाटते. फक्त आमच्या घरच्याईले त्या आवाजाचं काही वाटलं नाई. तुम्हाले माहीतच आहे, ते रेल्वेत गँगमन होते. तीस वर्षं रुळावर हातोडा मारून ऐकणं हेच त्याईचं काम. नुसत्या आवाजावरून सांगत का पुढचा बोल्ट ढिला आहे. ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणत, अश्वजित, दुसरी तार ढिली आहे, कस. तो कसे. कसली का घरात थोडी शांती होये. तेवढं मी मान्य करते.

त्याईले स्वतःले वाजवायचा नाद होता हे तुम्हाले कोणी सांगितलं नसन. लग्नाआधी ते एका गायन पार्टीत बेंजो वाजवत. गावोगाव जयंतीचे कार्यक्रम करत. लग्नानंतर तो बेंजो माळ्यावर गेला, आणि माळ्यावरून कुठं गेला ते मी सांगत नाई. पण त्याईची स्वतःची एक चाल होती, बिनाबोलाची. दाढी करताना, सायकल पुसताना, नाकातल्या नाकात. चाल वर वर चढत जाये, एका वळणावर येये, आणि तिथं मी म्हणे, नळ आला. किंवा म्हणे, गॅस संपला. छेचाळीस वर्षं त्या वळणावर काही ना काही काम निघालं. मी काही मुद्दाम नाई केलं. कामं तशीच होती.

आता बँडाबद्दल. अश्वजितले तीन सोबती भेटले. एक हेमराज. दुसरी रोशनी, मागच्या गल्लीतली, नर्सिंगचं शिकत होती, तिले गाता येये. तिसरा अनय, बँकेतल्या श्रीधररावचा पोरगा, घरी एकटाच, म्हणून हात सदा कशावर तरी आपटत राहे. चौघाईजवळ मिळून वाजवायची वस्तू एकच, तुमची गिटार. बाकीच्या वस्तू माह्या सैपाकघरातून गेल्या. तेलाचा पंधरा किलोचा पिपा उलटा केला, त्याले भोक पाडून दोरी ओवली, दोरी काठीले बांधली, काठी ओढली का पिपा घुमे. हेमराज तो वाजवे. अनयनं माह्यी बादली आणि भात शिजवायचे दोन गंज नेले. रोशनी गाता गाता माह्या खिसणीवर चमचा घासे. मी दीड महिना गाजर खिसलं नाई. आणि हे त्याईच्या मनानं नाई म्हणे, बाहेरच्या देशात असे बँड होऊन गेले, गरीब पोरं घरच्या सामानावरच वाजवत. मी म्हटलं, त्या देशातल्या म्हाताऱ्याईचं काय झालं ते पुस्तकात लिहिलं आहे का? ते नव्हतं लिहिलं.

त्याईचा पहिला कार्यक्रम लय गाजला, पण ज्यासाठी होता त्यासाठी नाई. जवळच्या एका गावच्या ग्रामपंचायतीनं वाचनालय काढलं. (गावाचं नाव लिहीत नाई, तिथं आपले सोयरे आहेत.) मे महिना होता. गावात नळ आठ दिवसांतून एकदा. हे चौघं ग्रामपंचायतीच्या दारासमोर उभे राह्यले, रिकामा पिपा, रिकामी बादली आणि रिकामे गंज घेऊन, आणि तयारी म्हणून बडवायले लागले. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात ग्रामपंचायतीसमोर कोणी रिकामे भांडे बडवत असन तं गावच्या बायका काय समजतीन? हापशीवरच्या बायकाईनं पाह्यलं आणि आपापल्या घागरी घेऊन त्याईच्या मागं येऊन उभ्या राह्यल्या. दहा मिनिटांत पन्नास बायका झाल्या. सरपंच आतून फीत कापायची कैची हातात घेऊनच बाहेर आले, खुर्चीवर चढले आणि हात जोडून म्हणाले, संध्याकाळपर्यंत टँकर येईन. पोट्ट्याईले वाटलं, आपली ओळख करून देऊन राह्यले. त्याईनं अजून जोरानं वाजवलं. सरपंचानं दोन टँकर केले. हे अजून जोरात. तीन केले. रोशनीची खिसणी त्याच दिवशी वाकली. टँकर खरंच आले, बायकाईनं चौघाईले कुंकवाऐवजी ओले हात लावले गालाले आणि एकेक नारळ दिला. वाचनालयाची फीत तशीच राहून गेली. पुढच्या हप्त्यात तीन गावांहून निरोप आला का आमच्याही इथं येऊन वाजवा. अश्वजितनं नाई म्हटलं. त्याले वाईट वाटलं होतं का गाणं कोणीच ऐकलं नाई. मी त्याले सांगितलं, गाणं ऐकून अजून कोण्या गावात टँकर आला नाई. पण तुमचा नातू आहे, त्याले ते पटलं नाई.

मंग श्रीधररावनं पोराले ढोलाचा सेट घेऊन दिला. अनयच्या आईच्या गंजाचे बूड बाहेर आलते म्हणून, कलेसाठी नाई. हेमराजनं नागपुरातून जुनी चार तारांची मोठी गिटार आणली. तुमच्या गिटारीले वायर लागली. माह्या वस्तू वापस आल्या (खिसणी वाकडीच) आणि बँडाचं नाव ठेवलं ब्लॅक कॉटन. आमच्या घरचे म्हणाले, कापसाच्या काळ्या मातीचं नाव आहे, चांगलं आहे. मी म्हटलं, मातीचंच ठेवायचं होतं तं मराठीत ठेवा, माती खाल्ली असं तरी लोकाईले सरळ म्हणता येईन.

हा अनय कसा वाजवते ते इथं सांगून ठेवते, पुढं कामाचं आहे. तो आधी दोन्ही काड्या एकमेकीवर तीनदा आपटते. टक, टक, टक. तिसरी झाली का चौघंही एकदम तुटून पडतात. त्या तीन टकांची त्याच्या हाताले इतकी सवय झाली का एकदा सरितानं भिंतीत खिळा ठोकला, तीन ठोके झाले, आणि ह्यानं मागच्या खोलीत गाणं सुरू केलं. सरिता स्टुलावरून पडता पडता वाचली.

ब्लॅक कॉटनचे दोनच कार्यक्रम झाले. एक कॉलेजात, तिथं लाइन गेली. दुसरा पवनारले, नदीच्या पलीकडं, एका लग्नात, तिथं मलेही बोलावणं होतं. नवरदेवाच्या काकाले वाटलं का शहरातले पोरं आहेत, नाचायचं वाजवतीन. ह्याईले येत होते चार गाणे, चारही इंग्रजी, चारही दुःखाचे. वरातीतले पोरं हात वर करून उभे राह्यले ते तसेच राह्यले, पाय कुठं टाकावा ते कळेना. नवरदेवाची आजी माह्याच वयाची. ती माह्याजवळ आली आणि म्हणाली, बाई, लेकराईले आधी जेवू घाला, कवाचे रडून राह्यले. मी ते त्याईले सांगितलं. मले वाटलं, हसतीन. अश्वजित जेवलाच नाई.

त्यानंतर आमच्या घरचे आजारी पडले. ते तुम्हाले सगळं माहीत आहे, तुम्ही दवाखान्यात येऊन गेलते, त्याचं पुन्हा लिहीत नाई. फक्त एवढं का शेवटचे तीन महिने अश्वजित कॉलेजातून आला का आबाच्या खाटेजवळ गिटार घेऊन बसे. आबा नाकातल्या नाकात म्हणत, तो तारेवर शोधे. मी सैपाकघरात असल्यानं मले काय चाललं ते नीट ऐकू नाई आलं. कमी ऐकू येते, आणि कुकरही होताच.

यंदा जानेवारीत वर्ष झालं. तुम्ही गुडघ्यामुळं येऊ शकले नाई, म्हणून पुण्यस्मरणाचं तुमच्यापर्यंत किती पोचलं मले माहीत नाई. सरितानं सांगितलं असन तं निम्मं. पूर्ण मी सांगते.

लेआउटच्या विहारात कार्यक्रम होता. भंतेजी आले, त्रिशरण पंचशील झालं, वंदना झाली. प्रफुल्लच्या ऑफिसातले साहेब आणि त्याईच्या मॅडम आल्या, रेल्वेतले म्हातारे आले, सरिताच्या शाळेतल्या बाया आल्या. दीडशे माणूस असन. सगळं कसं शिस्तीत. अश्वजितनं आधीच बापाले विचारून ठेवलं होतं का आबाची चाल वाजवू का, एकदाच, तीन मिनिटं. प्रफुल्ल दोन दिवस विचार करत होता, मंग हो म्हणाला. पोरं पांढरे कपडे घालून आले. अनयनं ढोलावर धोतराचे फडके बांधले का आवाज मऊ यावा. रोशनी गाणार नव्हती, नुसती गुणगुणणार होती. त्याईनं वाजवलं आणि खरं सांगते, पवनारसारखं नव्हतं. लोक मान खाली घालून ऐकत होते. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. (त्याचा मोतीबिंदू झालेला आहे, तरीही.)

चाल संपली. आता आपल्या विहारात टाळ्या वाजवत नाईत, हे मी तुम्हाले काय सांगू. चांगलं काही झालं का सगळे मिळून तीनदा साधु म्हणतात. भंतेजीनं सुरू केलं, दीडशे माणसाईनं म्हटलं, साधु, साधु, साधु. संथ, एका तालात. अनय बिचारा दुसऱ्या घरचा, विहारात पहिल्यांदाच बसलेला. तिसरा साधु झाला आणि त्याचे हात पडले. त्याचे पडले तसे बाकीच्याईचे पडले, चालती गाडी मधात थोडी सोडता येते. चाल पुन्हा सुरू झाली, पहिल्यापासून.

लोकाईले वाटलं, दोनदा वाजवायची असन. बसले. दुसऱ्यांदा संपली. आता खरं तं तिथंच थांबायचं. भंतेजी गप्प होते. पण पुढच्या ओळीतून कोण्या एका आगाऊ माणसानं साधु काढला, आणि एकानं काढला का बाकीच्याईले म्हणावंच लागते. साधु, साधु, साधु. अनयचे हात पडले. तिसऱ्यांदा. अश्वजित मान हलवून हलवून त्याले नाई नाई म्हणत होता, पण अनय वाजवताना डोळे मिटते. संपली तं पुन्हा त्याच आगाऊ माणसानं साधु. चवथ्यांदा. ऑफिसातले साहेब घड्याळ पाहायले लागले. शाळेतल्या बायाईचे खांदे हलायले लागले, पदर तोंडाले गेले. भंतेजी डोळे मिटून बसले होते, ते ध्यानात होते का त्याईलेही हसू येत होतं ते सांगता येत नाई. चवथ्यांदा संपली आणि त्या माणसानं नशिबानं तोंड बंद ठेवलं, तवा सुटका झाली. भंतेजीनं देशना सुरू केली. अनित्यतेवर बोलले. म्हणाले का जे सुरू होते ते संपतेच. मागून कोणीतरी म्हणालं, चार डावानंतर. तवा मात्र सगळा विहार हसला.

जेवणाच्या पंगतीत प्रफुल्लनं पोराले बाजूले घेतलं. बाजूले म्हणजे काय, मी पाच हातावर होती, साहेबही होते. म्हणाला, माह्या बापाच्या पुण्यस्मरणाचा तमाशा केला तू. एवढंच. माह्या पोराले मोठ्यानं बोलता येत नाई, त्याचं हळू बोलणंच जास्त लागते. अश्वजित खीर वाढत राह्यला, सगळ्या पंगतीले.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिटारीच्या तारा ढिल्या केल्या, ती खोळीत घातली आणि सरिताले म्हणाला, नानाजीले वापस दे. अनयशी तो तवापासून बोलला नाई. अनय दोनदा दारात येऊन गेला, काड्या न घेता. रोशनी सांगते का तो रस्त्यानं जाताना हात खिशात घालून चालते आता. हेमराजनं त्याची मोठी गिटार विकून गाडीचे टायर घेतले. ब्लॅक कॉटन संपलं. तीन वर्षांत तीन कार्यक्रम, आणि एक हा. अश्वजितनं बुटीबोरीच्या एका कारखान्यात अर्ज केला, लागलाही. येत्या सोमवारी तो जाऊन राह्यला, तिथंच खोली घेऊन राहणार. प्रफुल्ल खूश आहे. घरात शांतता आहे. पोरगा संध्याकाळी माह्याजवळ बसते आणि माह्या साखरेचे आकडे वहीत लिहिते. बिस्कीट खाल्लं तं तेही लिहिते.

तं व्याहीबुवा, झालं ते चांगलंच झालं असं सगळे म्हणतात. गिटार तुमच्याकडं आली, जिथून निघाली तिथं पोचली. पोरगं कामाले लागलं. आता कोणी कितीही मागितली तरी देऊ नका, आणि पुढच्या नातवाले घड्याळ द्या. तुमच्यावरची माह्यी तक्रार आज मी वापस घेते. मन मोकळं झालं. गुडघ्याले जपजा. नंदिनीबाईले सांगजा का मिठाचे पापड बंद करा. लहानमोठ्याईले माह्या जयभीम.

आपली विहीण,
गुलाब

ता.क. – हेमराजसोबत संत्र्याची एक पेटी पाठवजा. आंबट नको. मागच्या वेळी वरच्या रांगेत गोड आणि खाली आंबट होते, तुम्ही लावले असं म्हणत नाई.

ता.क. – पेटी नसन जमत तं राहू द्या. तिच्या जागी गिटार ठेवा. हेमराजच्या गाडीत केबिनमधी सीटच्या मागं तिच्यापुरती जागा आहे, मी त्याले बुधवारीच मोजायले लावली. जुन्या गोधडीत गुंडाळजा, पेट्याखाली देऊ नका. आत्ताच वर लिहिलं का कोणाले देऊ नका, ते लोकाईसाठी लिहिलं. रविवारच्या आत इथं आली पाहिजे, सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं तो जाईन. एकदा बिनागिटारीचा गेला तं मंग तो माणूस पगाराच्या दिवशी मोबाइल घेते, दुसरं काही घेत नाई.

ता.क. – काऊन, असं तुम्ही विचारसानच, हेडमास्तर आहात. तं पुढच्या ओळीतला तो आगाऊ माणूस मी होती. पहिला साधु भंतेजीचा, त्यात माह्या काही दोष नाई. पण मले तवाच कळलं का तिसऱ्या साधुले त्या पोराचे हात पडतात. खिळ्याच्या वेळीच पाह्यलं होतं. पहिल्यांदा वाजवलं तवा चाल वळणावर आली आणि तुमच्या लेकीनं माह्या कानात विचारलं, आई, खीर उतरवू का? पुढचं ऐकू नाई आलं. दुसऱ्यांदा वळण आलं तवा साहेबाच्या मॅडम म्हणाल्या, फुलं कुठं ठेवू? तिसऱ्यांदा प्रफुल्लच मागून म्हणाला, आई, हे काय चाललं आहे. मधात कोणी बोललं का कसं वाटते ते मले त्या दिवशी कळलं. छेचाळीस वर्षांनी कळलं, पण कळलं. म्हणून मी दोनदा साधु काढला. अनयनं काही केलं नाई, अश्वजितनं काही केलं नाई. तमाशा केला असन तं मी केला, आणि दोन महिने कोणाले सांगितलं नाई, कारण पंगतीत सांगितलं असतं तं खीर कोणी खाल्ली नसती, आणि नंतर रोज वाटे का उद्या सांगू. आता रविवारी सांगणार. आधी अश्वजितले, मंग त्याच्या बापाले, मंग अनयच्या घरी जाऊन, चप्पल घालून, सगळ्या लेआउटसमोरून. हे तुम्हाले लिहून दिलं आहे ते एवढ्यासाठी का मंग मले पलटता येऊ नये. चिठ्ठी जपून ठेवजा. सोमवारी सरिताले फोन करून विचारजा, विहीणबाईनं सांगितलं का? नसन सांगितलं तं स्पीकरवर वाचून दाखवजा.

ता.क. – गिटारीच्या तारा तुम्ही कसू नका. तो कसन.

ता.क. – चवथ्या वेळी कोणी बोललं नाई, म्हणून शेवट ऐकला. तुमच्या व्याह्याच्या चालीचा शेवट काही खास नाई. जिथून सुरू होते तिथंच खाली येऊन बसते, सायकल स्टँडवर लावल्यासारखी. मले वाटलं होतं, इतकी वर चढली तं काहीतरी मोठं असन. पण एका वेळच्या ऐकण्यावर तसं पक्कं म्हणता येत नाई. रविवारी पुन्हा ऐकून कळवीन.